रेव्हरंड हॅनिबल गुडविन

तासगांवांतील एखाद्या जुन्या घरीं पेटी उघडली, तर लग्नाच्या छायाचित्रांबरोबर फिल्मची काळसर पट्टीही हातीं लागते. अशी पट्टी कोणालाही सुचली असती, असें आज वाटतें. परंतु तिच्या संशोधकास न्याय मिळण्यास सत्तावीस वर्षें लागलीं.

हॅनिबल गुडविन यांचा जन्म इ. स. १८२२ मध्यें अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांतांत झाला. पुढें ते नेवार्क शहरीं एका ख्रिस्तमंदिराचे धर्मोपदेशक झाले. मुलांना शास्त्रांतील कथा चित्रांच्या साह्यानें शिकवाव्या, ही त्यांची हौस. त्या काळीं छायाचित्रें कांचेवर घेत. पण कांच जड व ठिसूळ. तिच्याऐवजीं लवचीक व पारदर्शक पदार्थ हवा, म्हणून त्यांनीं घराच्या माळ्यावर प्रयोग आरंभिले. २ मे १८८७ रोजीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला.

तो अर्ज अकरा वर्षें रखडला. दरम्यान १८८९ सालीं ईस्टमन कंपनीच्या रसायनज्ञास अशाच फिल्मचें पेटंट मिळालें. गुडविन यांना तें १३ सप्टेंबर १८९८ रोजीं मिळालें. परंतु आपल्या कारखान्याचें काम मार्गीं लागण्यापूर्वींच, ३१ डिसेंबर १९०० रोजीं, ते निवर्तले.

त्यांचें पेटंट ज्यांच्याकडे गेलें, त्यांनीं ईस्टमन कंपनीवर फिर्याद केली. जाणत्या कारागिरास जें सहज सुचेल, त्यास पेटंट नाहीं, असा नियम आहे. नायट्रोसेल्युलोज विरघळतें व त्याचा पातळ थर पसरतां येतो, हें पूर्वींच ठाऊक होतें. मग यांत नवें तें काय? नवें होतें तें द्रावकांच्या योजनेंत. लवकर उडणाऱ्या द्रावकास सावकाश उडणाऱ्याची जोड दिल्यानें पट्टी धुरकट न होतां स्वच्छ व चिवट वाळे. द्रव्यें सर्वांच्या हाताशीं असतांही उपयोगीं पट्टी पूर्वीं कोणास साधली नव्हती. १९१३ सालीं व पुन्हां १९१४ सालीं अपिलांत न्यायालयानें गुडविन यांचें पेटंट खरें ठरविलें, आणि ईस्टमन कंपनीस पन्नास लक्ष डॉलर द्यावे लागले. त्याच १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फिल्मवर उतरून मुंबईंत लोकांपुढें आला.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर कळल्यावर प्रत्येक गणित सोपें वाटतें. म्हणून दुसऱ्याच्या कार्याची किंमत करतांना, तें होण्यापूर्वींच्या अंधारांत क्षणभर उभें राहून पाहावें. गुडविन यांना न्याय मिळाला. तो पाहण्यास मात्र ते राहिले नव्हते.