हत्तीच्या पोटातले घड्याळ

मुलांनो, पहाटे गजर वाजला की तुम्ही काय करता? बरेच जण डोळे न उघडताच हात लांब करतात, घड्याळाच्या डोक्यावर टपली मारतात आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतात. वरवट बकालच्या एका मुलाने यावर एक युक्ती काढली. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने घरीच एक गजराचे घड्याळ तयार केले. जुन्या टेबल घड्याळाला त्याने एक छोटा मायक्रोफोन आणि आवाज ओळखणारे एक तयार सर्किट जोडले. मायक्रोफोन आवाजाचे रूपांतर विजेच्या बारीक लहरींत करतो. सर्किट त्या लहरी आधी साठवलेल्या शब्दाशी ताडून पाहते आणि त्या जुळल्या तरच गजर थांबवते. नीट जागे होऊन, स्पष्ट आवाजात बंद हा शब्द उच्चारल्याशिवाय ते घड्याळ गप्प बसत नसे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यातल्या दोन तारा सुटल्या. कोणती तार कुठे जोडली होती, हे त्याने कुठेच लिहून ठेवले नव्हते. रात्रीपर्यंत खटपट झाली, पण प्रदर्शनात घड्याळ मुकेच राहिले. त्या दिवशी त्या मुलाला मी अल-जझरी यांची हकिकत सांगितली. तीच आता तुम्हाला सांगतो.

अल-जझरी यांचे नाव तुम्ही उर्दूच्या पुस्तकात कदाचित वाचले असेल. त्यांचे पूर्ण नाव बदीउज्जमाँ अबुल इज्ज इस्माईल इब्न अर-रज्जाज अल-जझरी. दजला आणि फरात या दोन नद्यांमधल्या प्रदेशाला अरबी लोक अल-जझीरा म्हणत. त्यावरून त्यांना जझरी हे नाव मिळाले. त्या प्रदेशातल्या आमिद शहरात अर्तुकी घराण्याचे राज्य होते. आज हे शहर तुर्कस्तानात आहे आणि त्याला दियारबाकिर म्हणतात. अल-जझरी ११८१ च्या सुमारास या दरबारात नोकरीला लागले. एकामागून एक तीन राजांच्या पदरी त्यांनी पंचवीस वर्षे काम केले.

त्यांचे काम काय होते? यंत्रे बनवणे. ते नुसते कागदावर विचार करणारे विद्वान नव्हते. तांबे-पितळ वितळवणे, साच्यात ओतणे, लाकूड तासणे, पत्रा ठोकणे ही सगळी कामे ते जाणत होते. अवघड यंत्र असले तर ते आधी कागदाचा नमुना करून पाहत. लाकूड वाकू नये म्हणून त्याचे पातळ थर एकमेकांवर चिकटवत. एखाद्या हुशार मिस्त्रीची आठवण व्हावी, असाच हा माणूस होता.

त्या काळी घड्याळे पाण्यावर चालत. मोठ्या टाकीतून बारीक छिद्रावाटे पाणी सोडायचे आणि किती पाणी गेले त्यावरून वेळ ओळखायची. यात एक अडचण आहे. टाकी भरलेली असताना पाणी जोराने वाहते आणि पातळी उतरली की धार मंदावते. तुमच्या घरच्या पिंपाची तोटी उघडून पाहा, लगेच ध्यानात येईल. मग घड्याळ मागे पडणार नाही तर काय? यावर तरंगणाऱ्या झडपेचा उपाय होता. लहान भांड्यातले पाणी कमी झाले की झडप खाली येते आणि वरून पाणी येऊ देते. पाणी भरले की झडप वर जाते आणि वाट बंद करते. त्यामुळे पातळी कायम राहते. शिवाय उन्हाळ्यात दिवस मोठा, हिवाळ्यात लहान. त्या काळी दिवसाचे बारा तास धरत, मग दिवस लहान असो की मोठा. म्हणून धारही रोज थोडी कमी-जास्त करावी लागे. आधीच्या कारागिरांनी त्यासाठी केलेली मापे अल-जझरी यांनी स्वतः करून पाहिली, तर ती चुकीची निघाली. मोठ्या नावाच्या माणसांचे म्हणणे होते म्हणून त्यांनी ते मान्य केले नाही. पुन्हा पुन्हा पाणी मोजून त्यांनी नवी मापे ठरवली.

त्यांचे सर्वांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे हत्तीचे घड्याळ. हत्तीच्या पाठीवर अंबारी, मानेवर माहूत, अंबारीच्या टोकावर पक्षी. दिसायला खेळणेच! पण खरी करामत हत्तीच्या पोटात आहे. तिथे पाण्याची टाकी आहे आणि टाकीत एक वाडगा तरंगतो. वाडग्याच्या बुडाला बारीक छिद्र आहे. त्यातून पाणी हळूहळू आत शिरते. अर्ध्या तासात वाडगा भरतो आणि बुडतो. बुडताना तो एक दोरी ओढतो. त्याबरोबर वरून धातूची एक गोळी सुटते. ती ससाण्याच्या चोचीतून खालच्या सापाच्या तोंडात पडते. गोळीच्या वजनाने साप खाली झुकतो आणि गोळी माहुताच्या मागच्या भांड्यात टाकतो. माहूत हात हलवून ठोका देतो, आतली झांज वाजते. अर्धा तास झाल्याचे सर्वांना कळते. साप झुकताना साखळीने वाडग्याला वर ओढतो, वाडगा रिकामा होतो, साप पुन्हा आपल्या जागी जातो. पुढची अर्ध्या तासाची मोजणी आपोआप सुरू होते. वरच्या गोळ्या संपेपर्यंत कोणालाही हात लावावा लागत नाही.

तो छिद्राचा वाडगा तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या देशात त्याला घटिकापात्र म्हणत. पूर्वी महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळातल्या पाण्यावर असे पात्र सोडत. ते भरून बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. मराठीत एखाद्याची घटका भरली असे म्हणतात, ते यावरूनच. उर्दूतली घडी आणि मराठीतली घटका या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. बाबर बादशहानेही आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या या घड्यांचे आणि त्यांवर ठोके देणाऱ्या घडियालींचे वर्णन केले आहे.

अल-जझरी यांच्या दुसऱ्या एका मोठ्या घड्याळात ठरावीक तासांना नगारे, कर्णे आणि झांजा वाजत. वादकांच्या त्या पुतळ्यांना पाण्याचा जोर हलवत असे. मेणबत्तीवर चालणारी घड्याळेही त्यांनी केली. वजू करताना नोकराने हातावर पाणी घालावे हे राजा महमूदला आवडत नसे, म्हणून त्याच्यासाठी आपोआप पाणी घालणारे यंत्र केले. नदीचे पाणी उपसण्यासाठी त्यांनी जो पंप रचला, त्यात दोन दट्ट्ये आळीपाळीने पाणी खेचत आणि ढकलत. मला विचाराल तर घड्याळांपेक्षा हा पंप मोठा. पण लोकांच्या लक्षात हत्तीच राहिला, याला काय करणार?

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. ही सारी यंत्रे राजवाड्यात होती. लाकूड सडते, तांबे वितळवून लोक भांडी करतात, राज्येही जातात. अल-जझरी गेले की त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर गेली असती. कारागिरांचे बहुधा असेच होई. बाप मुलाला शिकवी आणि मुलगा नसला तर कसब मातीत जाई. राजा महमूदने हे ओळखले आणि त्यांना सगळे लिहून काढायला सांगितले. त्यांनी अरबीत ग्रंथ लिहिला. १२०६ साली तो पुरा झाला. त्यात पन्नास यंत्रे आहेत. प्रत्येकाचे चित्र आहे, चित्रातल्या भागांना अक्षरे दिली आहेत आणि तीच अक्षरे मजकुरात घेऊन कोणता भाग किती मापाचा, कशाचा, कुठे जोडायचा हे सांगितले आहे. आपल्या कारागिरीचे गुपित त्यांनी राखले नाही. त्याच सुमारास त्यांचे निधन झाले, असे अभ्यासक मानतात.

त्या ग्रंथाची १२०६ मध्येच नकललेली एक प्रत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपली आहे. १९७४ साली डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे १९७६ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यातल्या वर्णनाप्रमाणे मोठे जलघड्याळ उभारले गेले. पाणी सोडले आणि साडेसातशेहून अधिक वर्षांनी ते चालले.

आमच्या त्या मुलाने पुन्हा एकदा घड्याळ जोडले आहे. या वेळी त्याच्याजवळ एक चौकटीची वही आहे. वहीत घड्याळाचे चित्र आहे आणि प्रत्येक तारेला अलिफ, बे, पे अशी अक्षरे दिली आहेत. अजूनही आईने भांडे आपटले की गजर कधीकधी बंद पडतो. तेही त्याने तारखेसह वहीत लिहून ठेवले आहे.