एकटा कॅप्टन : जोशुआ स्लोकम

आपल्या धाराशिवला समुद्र नाही. दोन हजार वर्षांपूर्वी तेरचा माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा, एवढंच आपलं समुद्राशी नातं. तरी डिसेंबरात हॉस्टेलच्या बाथरूममध्ये गार पाण्याची बादली समोर आली की मला स्लोकम आठवतो. थंडी पडली की हा माणूस होडी काढून एकटाच उबेकडे निघायचा! (मी कॉन्व्हेंटची, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.)

स्लोकम 20 फेब्रुवारी 1844 ला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात जन्मला. वडील बूट बनवायचे. त्या कामाला कंटाळून पोरगा 14 व्या वर्षी पळाला आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी झाला. पुढे कॅप्टन. बायको व्हर्जिनियाने जहाजावरच संसार केला. 1884 मध्ये ब्यूनस आयर्सला ती वारली. 1887 मध्ये ब्राझीलला जहाजही फुटलं. तोवर वाफेची जहाजं आली होती. शिडाच्या कॅप्टनला कोण विचारतो?

माझे बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे, म्हणून हा भाग मी दोनदा वाचला. हात तेच, कसब तेच, आणि एक दिवस गिऱ्हाईकच नाही.

1892 मध्ये एका ओळखीच्या कॅप्टनने त्याला फेअरहेवनच्या माळावर पडलेली मोडकी होडी देऊन टाकली. अर्धी थट्टाच ती. नाव 'स्प्रे', लांबी जेमतेम 37 फूट. ह्याने 13 महिने खपून ती पुन्हा बांधली. सामानाचा खर्च 553.62 डॉलर. 24 एप्रिल 1895 ला बोस्टनहून निघाला आणि 27 जून 1898 ला न्यूपोर्टला परतला. 46,000 मैल! पृथ्वीभोवती एकट्याने केलेली ही पहिली सफर. आणि पठ्ठ्याला पोहता येत नव्हतं. घड्याळ डॉलरभराचं, तेही फुटक्या तबकडीचं.

मेकॅनिकलवाल्यांनो, ऐका. सुकाणू दोरीने बांधलं की होडी आपली आपण सरळ जायची, कारण लांब कील आणि शिडांचा तोल. थर्सडे आयलंड ते कोकोस बेटं, 2,700 मैल, 23 दिवस; त्यात सुकाणू हातात धरलं फक्त तीनेक तास. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत तर रात्री डेकवर बारीक खिळे पसरून झोपला. अनवाणी चढलेले लोक ओरडत पळाले!

आपले दिलीप दोंदे 2009-10 मध्ये 'म्हादेई'तून मुंबईहून एकटे जग फिरून आले, तेव्हा उपग्रह मदतीला होते. ह्याला कोण होतं?

1900 मध्ये पुस्तक आलं, नाव झालं. 1902 मध्ये मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतलं, पण मन रमेना. मग हिवाळ्यात किनाऱ्याने दक्षिणेला, कॅरिबियन बेटांकडे. दुसरी बायको हेट्टी मागे घरी. हे मला पटत नाही, स्पष्ट सांगते. घर तिने सांभाळायचं आणि ऊन ह्याने खायचं?

शेवटच्या वेळी दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीत शिरायचा बेत होता. 'स्प्रे' तेव्हा बरीच जुनी झाली होती. व्हिनयार्ड हेवनहून निघाला, त्यानंतर ना माणूस दिसला ना होडीची फळी. 1924 मध्ये कोर्टाने त्याला मृत ठरवलं, आणि मृत्यूची तारीख म्हणून निघाल्याचाच दिवस धरला, 14 नोव्हेंबर 1909.