स्वकर्मनिष्ठ ईश्वरचंद्र विद्यासागर

गृहस्थाच्या दिवसाचा मोठा भाग उदरनिर्वाहाच्या कामात जातो. देवपूजेस जेमतेम घटका-दोन घटका मिळतात. तेव्हा हे काम परमार्थाच्या बाहेरचे मानले, तर आयुष्याचा बहुतेक भाग व्यर्थ गेला असेच म्हणावे लागेल. गीतेचा उपदेश तसा नाही. आपल्या वाट्याच्या कर्मानेच भगवंताची अर्चना घडते, असे ती सांगते. ही अर्चना कचेरीत आणि पाठशाळेत कशी घडू शकते, हे बंगालचे पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या चरित्रावरून समजते. त्यांनी धर्मोपदेश केला नाही आणि स्वतःच्या श्रद्धेविषयी ते फारसे बोलतही नसत. त्यांचे जे काही सांगणे होते, ते त्यांच्या कामातच होते.

२६ सप्टेंबर १८२० रोजी मेदिनीपूर भागातील वीरसिंह या गावी त्यांचा जन्म झाला. वडील ठाकुरदास कलकत्त्यास अल्प वेतनावर नोकरी करीत. माता भगवतीदेवी दयाशील होत्या. वडिलांबरोबर कलकत्त्याची वाट चालताना मैलाच्या दगडांवरील आकडे पाहून या बालकाने इंग्रजी अंक शिकून घेतले. १८२९ साली तो संस्कृत कॉलेजात दाखल झाला. घरचा स्वयंपाक स्वतः करून त्याने व्याकरण, साहित्य, वेदान्त, स्मृती इत्यादी शास्त्रांचे अध्ययन केले. १८४१ साली अध्ययन पुरे होताच फोर्ट विल्यम कॉलेजात प्रधान पंडिताचे, दरमहा ५० रुपयांचे पद त्यांना मिळाले. तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की वडिलांना नोकरीतून मुक्त करून गावी विश्रांतीस पाठविले.

पुढे काही वर्षांतच संस्कृत कॉलेजात व्याकरणाच्या अध्यापकाची जागा रिकामी झाली. वेतन ९० रुपये होते आणि ती जागा विद्यासागरांना देऊ करण्यात आली. परंतु व्याकरणात आपल्याहून तारानाथ तर्कवाचस्पती अधिक अधिकारी आहेत, असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी तारानाथांचे नाव सुचविले. तारानाथ त्या वेळी दूर काल्ना येथे राहत. त्यांची संमती मिळविण्यासाठी विद्यासागर कलकत्त्याहून तेथवर पायी चालत गेले. स्वतःच्या हातात आलेले अधिक वेतन दुसऱ्याच्या योग्यतेस अर्पण करण्यासाठी एवढी पायपीट! फलाची आसक्ती सोडणे म्हणजे काम सोडणे नव्हे. ज्या कामास जो योग्य, त्याच्या हाती ते जावे म्हणून झटणेही त्यातच येते.

१८४६ साली ते संस्कृत कॉलेजात सहायक चिटणीस झाले. तेथील वृद्ध अध्यापक वेळेवर येत नसत. त्यांतील काही तर विद्यासागरांचे गुरू. गुरूंना जाब विचारणे शिष्याला शोभत नाही, आणि व्यवस्थेकडे दुर्लक्ष करणे अधिकाऱ्याला शोभत नाही. विद्यासागर रोज वेळेवर फाटकाशी उभे राहू लागले. उशिरा येणाऱ्यांना ते आताच आलात काय, एवढेच नम्रपणे विचारीत. फार ज्येष्ठ गुरूंना तेवढेही विचारीत नसत, नुसते उभे राहत, असे सांगतात. थोड्याच दिवसांत सर्वजण वेळेवर येऊ लागले. कर्तव्यही राहिले आणि गुरूंचा मानही राहिला.

१८५१ साली ते त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. पुढे शाळा-तपासणीचे कामही त्यांच्याकडे आले आणि वेतन ५०० रुपयांपर्यंत गेले. १८५७-५८ मध्ये त्यांनी खेडोपाडी मुलींच्या ३५ शाळा उघडल्या. परंतु सरकारने त्यांच्या नेहमीच्या खर्चास मंजुरी दिली नाही. आपल्या शब्दावर रुजू झालेल्या शिक्षकांना त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. त्यांच्या वेतनासाठी ते झगडले आणि शाळा चालाव्यात म्हणून वर्गणी गोळा केली. वरिष्ठांशी मतभेद विकोपास गेले, तेव्हा १८५८ साली त्यांनी ती मोठी नोकरी सोडली.

सर्वच संबंध मात्र त्यांना टिकविता आले नाहीत. ज्या तारानाथांसाठी ते काल्न्यास पायी गेले, त्यांच्याशीच पुढे बहुविवाहाच्या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला, आणि टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तिकांत विद्यासागरांनी त्यांचा तीव्र उपहास केला. पुत्राशी व आप्तांशीही दुरावा आला. त्यागाने जोडलेला स्नेहसुद्धा वाणीचा संयम सुटला की तुटतो, हा बोध या थोर पुरुषाच्या चरित्रातूनच मिळतो.

उत्तरायुष्यात ते बराच काळ कर्माटाड येथे संथाळांच्या शेजारी राहिले. सकाळी संथाळ मक्याची कणसे विकावयास आणीत. ते सांगतील त्या भावाने विद्यासागर ती घेत आणि नंतर भुकेले येणाऱ्या दुसऱ्या संथाळांना वाटून टाकीत. आजाऱ्यांना ते होमिओपॅथीची औषधे देत आणि त्यासाठी लांबवर पायी जात. तेथे पद नव्हते, वेतन नव्हते. काम मात्र तसेच चालू होते. २९ जुलै १८९१ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, दुकानाच्या गादीवर, कचेरीच्या मेजापाशी किंवा चुलीपुढे बसताना काम तेच असते. भाव बदलता येतो. सहकाऱ्याची योग्यता मोकळेपणाने मान्य करावी, वडीलधाऱ्यांची चूक त्यांचा मान राखून सुधारावी, हाताखालच्या माणसाचा मेहनताना आपल्या शब्दाइतकाच पवित्र मानावा, आणि मतभेदात जीभ आवरावी. एवढे साधले तर रोजचे कामच उपासना होईल, आणि कामाच्या जागी भेटणारा मनुष्य केवळ व्यवहारापुरता न राहता आपला होईल.