फुलामुलांचे रेव्हरंड टिळक

टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केसरीकार लोकमान्य उभे राहतात, आणि ते साहजिकच आहे. परंतु त्याच काळात त्याच आडनावाचे आणखी एक टिळक महाराष्ट्रात होऊन गेले. माझे वडील चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. पण चोचीत दाणा घेऊन पिलांकडे परतणाऱ्या घायाळ पक्षिणीची कविता त्यांना आजही येते. ती कविता या टिळकांची, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, हे मात्र मी कॉलेजात येईपर्यंत आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी ६ डिसेंबर १८६१ रोजी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई लवकर गेली आणि घर तुटले. मुलगा नाशिकला आला, गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. पुढे मनकर्णिका गोखले हिच्याशी लग्न झाले, तीच लक्ष्मीबाई. लग्न झाले म्हणून पाय काही घरात ठरेनात. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. आज या गावी तर उद्या त्या. घरखर्चाचे पैसे भलत्याच वस्तूत उडवावेत, न सांगता बाहेर पडावे, असा सारा प्रकार! रानातले एखादे फूल पाहून तासन्‌तास रमणारा हा माणूस संसारी म्हणून मात्र बेभरवशाचाच होता, असे माझे मत आहे.

नागपूरहून राजनांदगावला जाताना १८९३ साली आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली. त्यांचे नाव अर्नेस्ट वॉर्ड. बोलण्याबोलण्यात ओळख वाढली आणि उतरताना वॉर्डसाहेबांनी त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. त्या प्रवचनात आकाशातील पाखरे आहेत, रानातली फुले आहेत. न पेरता, न कातता देवाच्या भरवशावर जगणारी. मला वाटते, इथेच त्यांना आपल्या ओळखीचे कोणीतरी भेटले असावे. फुलापाखरांचा जिव्हाळा त्यांना आधीपासूनच होता, त्या जिव्हाळ्याला आता नाव मिळाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि लक्ष्मीबाई? त्या माहेरच्या माणसांत होत्या, पदरी लहानगा दत्तू. त्यांना बातमी मागून कळली.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईला ‘स्मृतिचित्रे’ वाचून दाखवत होतो. आईला अक्षरओळख नाही. चुलीपुढे बसून ऐकता ऐकता ती मध्येच हसे. या ठिकाणी मात्र तिने हातातली भाकरी परातीत तशीच ठेवली आणि मला विचारले की, त्याने बायकोला आधी विचारले होते का? माझ्यापाशी उत्तर नव्हते. टिळकांवरील लेखांतून त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ वाचायला मिळते. परंतु त्या त्यागाची किंमत काही वर्षे दुसरेच कोणी भरत होते.

पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी सोवळे सुटले नव्हते. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. लक्ष्मीबाई स्वतःच विचार करीत राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला, आधी जात सोडली आणि मग ख्रिस्ताकडे वळल्या. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याला जे एका आगगाडीच्या प्रवासात गवसले, तिथवर यायला बायकोला पाच वर्षांची पायपीट करावी लागली. दोघांत कोणाची श्रद्धा मोठी, हे मी ठरवू शकत नाही. पण माझ्या आईने ते ठरवून टाकले आहे.

त्यानंतरचे अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) घर मात्र वाचतच राहावे असे आहे. परक्याची पोरे आपली म्हणून वाढत होती. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात गाजलेले ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात येऊन राहिले. ख्रिस्ती घरात राहूनही बालकवी हिंदूच राहिले. टिळकांनी त्यांना शिकवला तो झाडाझऱ्यांचा शेजार. चर्चसाठी पदे लिहिली तीही अभंग-ओवीच्या वळणाची. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानीत. परदेशी पेहरावातला ख्रिस्त त्यांना नकोच होता. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोघांनाही जागा होती. पिकली साठी जवळ आली, तरी पायाची भिंगरी थांबली नव्हती!

मे १९१८ मध्ये बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. पाठोपाठ वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन करण्यात आले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्या अध्यायांवर अडून राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. ज्यांना लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे गिरवायला शिकवली, त्याच या लक्ष्मीबाई!

सुट्टी संपली तेव्हा पुस्तकाची शेवटची काही पाने वाचायची राहिली होती. ग्रंथालयाची मुदत भरत आली होती, तरी आईने ते परत न्यायला सांगितले नाही. खूण म्हणून पानात कडुलिंबाची डहाळी घालून तिने ते फडताळात ठेवून दिले.