तबकडी सपाट करणारा माणूस

हाय-रेझ ऑडिओचं वेड एकदा डोक्यात शिरलं की माणूस प्लेयर शोधायला लागतो. तुमच्यापैकी काही जण आत्ता शोधतही असतील. नुसती सीडी वाजवणारा नको, एसएसीडी वाचणारा हवा. मग कोणीतरी सांगतं, डीव्हीडी-ऑडिओही वाचणारा बघ. मग कळतं, की दोन्ही वाचणारा युनिव्हर्सल प्लेयर नवा घ्यायचा तर वर्षाचा पॉकेटमनी कमी पडेल, आणि जुना घ्यायचा तर त्याची लेझर कधी दगा देईल याचा नेम नाही. पैसे टाकण्याआधी एका माणसाची गोष्ट वाचा. आवाज गोल सपाट तबकडीवर ठेवायचा हे त्याने ठरवलं, आणि कुठलं मशीन घ्यावं हा तुमचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या गिऱ्हाइकांनाही पडला होता. नाव एमिल बर्लिनर.

जन्म २० मे १८५१, जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. ज्यू कुटुंब, तेरा भावंडं, वडील व्यापारी. चौदाव्या वर्षी शाळा संपली ती कायमचीच. आधी छापखान्यात उमेदवारी, मग कापडाच्या दुकानात कारकुनी. १८७० मध्ये युद्धाचे ढग जमले, सैन्यात भरती व्हायची वेळ आली, तेव्हा एका ओळखीच्या कुटुंबाच्या आधाराने हा पोरगा अमेरिकेला निघाला. वॉशिंग्टनमध्ये पुन्हा दुकानच! पुढे न्यूयॉर्कला मिळेल ते काम. त्यातलं एक होतं प्रयोगशाळेत बाटल्या विसळण्याचं. प्रयोगशाळा होती फालबर्गची, म्हणजे ज्याने पुढे सॅकरिन शोधलं त्याची. दिवसा बाटल्या, रात्री कूपर इन्स्टिट्यूटचे वर्ग आणि हाताला लागतील ती विज्ञानाची पुस्तकं. डिग्री नावाची गोष्ट या माणसाकडे कधीच नव्हती, हे इंजिनीअरिंगच्या मंडळींनी जरा लक्षात घ्यावं.

१८७६ मध्ये बेलचा टेलिफोन जगासमोर आला. कमाल वस्तू, पण आवाज इतका क्षीण, की पलीकडचा माणूस बोलतोय की कण्हतोय ते कळू नये. बर्लिनर तेव्हा परत वॉशिंग्टनच्या दुकानात कामाला होता आणि भाड्याच्या खोलीत राहत होता. त्या खोलीत त्याने याच दुखण्यावर काम सुरू केलं. दोन विद्युतवाहक तुकडे एकमेकांना हलके टेकवायचे. बोलण्याने पडदा थरथरला की त्यांच्यातला दाब कमीजास्त होतो, आणि तसाच वीजप्रवाहही कमीजास्त होतो. म्हणजे मायक्रोफोन. १८७७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्याच वर्षी बेल कंपनीने त्याला नोकरीवर घेतलं. एडिसनही याच कल्पनेमागे होता, आणि पहिला कोण याचं भांडण कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. १८८१ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला, लग्न झालं, भावाबरोबर हॅनोव्हरमध्ये टेलिफोनचा कारखानाही निघाला. तिशीतच सेटल! पण काही वर्षांत त्याने बेलची नोकरी सोडली आणि स्वतःच्या प्रयोगांना लागला.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ पासून होताच. त्यात आवाज नळकांड्यावर कोरला जायचा. आधी नळकांड्यावर कथलाचा पत्रा असायचा, पुढे मेण आलं. सुई वरखाली व्हायची, म्हणजे खाच कुठे खोल, कुठे उथळ. बर्लिनरने दोन गोष्टी बदलल्या. नळकांड्याच्या जागी सपाट तबकडी घेतली, आणि सुई वरखाली न नेता डावी-उजवीकडे हलवली. खाचेची खोली सारखीच, फक्त ती नागमोडी. आणखी एक सोय आपोआप झाली, वाजवताना ती खाचच सुईला आतल्या बाजूला ओढत नेते, त्यासाठी वेगळा स्क्रू लागत नाही. जस्ताच्या तबकडीवर मेणाचा पातळ थर द्यायचा, गाणाऱ्याच्या आवाजाने थरथरणारी सुई तो थर खरवडणार, मग तबकडी ॲसिडमध्ये ठेवायची. जिथे मेण खरवडलंय तिथेच ॲसिड धातूला खाणार आणि खाच पडणार. छापखान्यात ब्लॉक कसे बनायचे ते आठवा, हे त्याच घराण्यातलं. नोव्हेंबर १८८७ मध्ये पेटंट मिळालं, १६ मे १८८८ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये जाहीर प्रयोग झाला. यंत्राचं नाव त्याने ठेवलं ग्रामोफोन.

आता तुम्ही त्या काळातले गिऱ्हाईक आहात असं समजा. दुकानात दोन यंत्रं आहेत. मेणाच्या नळकांड्याचा आवाज बर्लिनरच्या सुरुवातीच्या खरखरीत तबकडीपेक्षा गोड. नळकांड्यावर सुईचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो. तबकडीवर मात्र आतल्या वर्तुळांत वेग कमी होतो आणि आवाज बिघडतो. (सीडीने हे दुखणं फिरण्याचा वेगच बदलून मिटवलं, लेझर आत असताना सीडी जोरात फिरते, बाहेर येईल तशी हळू होते.) शिवाय फोनोग्राफवर घरी स्वतःचा आवाजही भरता यायचा, ग्रामोफोन फक्त वाजवायचा. कागदावरचे आकडे बघून निवडणारा शहाणा माणूस काय घेईल? नळकांडं! मीही तेच घेतलं असतं.

पण बर्लिनरने एका गोष्टीवर डाव लावला होता, ती म्हणजे प्रती. नळकांड्याच्या युगात गायक चार-पाच यंत्रांसमोर उभा राहायचा, गाणं म्हणायचा, तेवढी नळकांडी भरायची. आणखी हवीत? मग पुन्हा गा. दिवसभर तेच गाणं. साच्यातून नळकांडी ओतण्याची पद्धत १९०२ च्या सुमाराला रुळली. तबकडीचं तसं नव्हतं. जस्ताच्या मूळ तबकडीवरून धातूचा उलटा ठसा घ्यायचा आणि त्याने हव्या तेवढ्या प्रती दाबून काढायच्या. गायकाने एकदा गावं आणि घरी जावं. आज तुमच्या हातातली सीडी किंवा एसएसीडी त्याच तत्त्वावर, ठसा दाबूनच तयार होते.

सुरुवात मात्र खेळण्यापासून झाली. १८९० च्या आसपास जर्मनीतल्या एका खेळण्यांच्या कंपनीने त्याचं हाताने फिरवायचं छोटं यंत्र विकलं, तबकडी पाच इंचांची, जवळजवळ सीडीएवढीच. अमेरिकेत १८९४ पासून सात इंची तबकड्या आल्या, एका बाजूला जेमतेम दोन मिनिटं. आधी त्या कडक रबराच्या होत्या, पण रबर नीट बसायचं नाही, खाचा सपाट व्हायच्या. मग बटणं बनवणाऱ्या एका कंपनीचं मिश्रण सापडलं: लाख, दगडाची भुकटी, काजळी. ही लाख मुख्यतः आपल्याकडून, भारतातल्या जंगलांतून जायची. म्हणजे गाणं कुठलंही असो, तबकडीत अंश आपल्याच झाडांवरच्या किड्यांचा. हात न दुखता गाणं ऐकायची सोय १८९६ मध्ये झाली. कॅम्डेनचा मेकॅनिक एल्ड्रिज जॉन्सन याने चावीची स्प्रिंग मोटर बसवून दिली.

आणि मग सगळं हातातून गेलं. विक्रीचे संपूर्ण हक्क बर्लिनरने न्यूयॉर्कच्या फ्रँक सीमन नावाच्या जाहिरातवाल्याला लांबलचक कराराने दिले होते. सीमनने धंदा उभा केला, हे खरं. पण नफ्याच्या वाटणीवरून बिनसलं, तशी त्याने झोनोफोन नावाचं स्वतःचं यंत्र बाजारात आणलं, प्रतिस्पर्धी कंपनीशी तडजोड केली आणि कोर्टात जाऊन जून १९०० मध्ये मनाई हुकूम मिळवला. कोणाविरुद्ध? खुद्द बर्लिनरविरुद्ध! स्वतः शोधलेली वस्तू स्वतःच्याच देशात विकायला बंदी. अमेरिकेत ग्रामोफोन हा शब्दही हळूहळू मागे पडला, लोक तबकडीच्या यंत्रालाही फोनोग्राफ म्हणायला लागले. आपल्याकडे तो टिकला, कारण आपल्याकडे माल लंडनहून यायचा.

बर्लिनरने बाडबिस्तरा उचलला आणि कॅनडात माँट्रियलला कंपनी थाटली. अमेरिकेतलं काम जॉन्सनने हाती घेतलं. १९०१ मध्ये व्हिक्टर कंपनी निघाली, तिच्यात बर्लिनरला हिस्सा मिळाला. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचं चित्र बर्लिनरनेच लंडनहून आणून अमेरिकेत ट्रेडमार्क केलं होतं. गंमत म्हणजे मूळ चित्रात कुत्र्यासमोर नळकांड्याचं यंत्र होतं, चित्रकाराने ते खोडून ग्रामोफोन रंगवला.

त्याच्याकडे पियानोची साथ करणारा आणि रेकॉर्डिंग शिकलेला एक तरुण होता, फ्रेड गेजबर्ग. बर्लिनरने त्याला १८९८ मध्ये लंडनला पाठवलं. हाच गेजबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजानचा आवाज तबकडीवर घेतला. आपले भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले होते. ज्या आवाजासाठी लोक नाटकाला गर्दी करायचे, तो कसा होता हे आपण फक्त वाचू शकतो. बालगंधर्व मात्र ऐकू येतात, तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत का होईना.

हॅनोव्हरमध्येही १८९८ मध्ये एमिल आणि त्याचा भाऊ योसेफ यांनी कंपनी काढली होती, डॉइच ग्रामोफोन. तुमच्या शास्त्रीय संगीतवाल्या मित्राच्या कपाटात पिवळ्या लेबलच्या सीडी दिसतात ना, तीच. पुढे ती पॉलिग्रामच्या छत्राखाली गेली, आणि १७ ऑगस्ट १९८२ रोजी बाजारासाठीच्या पहिल्या सीडी जिथे दाबल्या गेल्या तो पॉलिग्रामचा कारखाना हॅनोव्हरला लागूनच, लांगेनहागेनमध्ये होता.

आता तुमच्या प्लेयरकडे येऊ, कारण एडिसनने पुढे जे केलं ते थेट तिथे पोचतं. १९१२-१३ मध्ये एडिसन शेवटी तबकडीवर आला. त्याची डायमंड डिस्क जाडजूड, हिऱ्याच्या सुईची, खाच मात्र जुनीच, वरखाली. आवाज व्हिक्टरपेक्षा सरस. कंपनी तर गायिकेला यंत्राशेजारी उभं करून, दिवे मालवून, खरी कोण आणि तबकडी कुठली ते ओळखायला लावायची. पण ही तबकडी व्हिक्टरच्या यंत्रावर चालायची नाही आणि व्हिक्टरची एडिसनच्या यंत्रावर. शिवाय कुठलं संगीत काढायचं ते एडिसन स्वतः ठरवायचा, सुरुवातीला लेबलवर कलाकाराचं नाव छापायलाही नाखूश. व्हिक्टरकडे कारुसो होता. लोकांनी कारुसो घेतला.

१९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सची एसएसीडी आली, २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ, आणि तोच खेळ पुन्हा झाला. म्हणून प्लेयरचे आकडे बघायच्या आधी कपाटातल्या आणि मिळू शकणाऱ्या डिस्क मोजा. हायब्रिड एसएसीडीत दोन थर असतात, साधा सीडी प्लेयर फक्त सीडीचा थर वाचतो, त्यामुळे गाणं वाजलं म्हणजे हाय-रेझ ऐकलं असं नाही. प्लेयरवर एसएसीडीचा शिक्का हवा. बऱ्याचशा डीव्हीडी-ऑडिओ डिस्क साध्या डीव्हीडी प्लेयरवरही वाजतात, पण तिथे दाबून लहान केलेला आवाज मिळतो. एसएसीडीचा मूळ सिग्नल साध्या ऑप्टिकल वायरमधून सहसा बाहेर येत नाही, ॲनालॉग किंवा एचडीएमआय लागतं. जुन्या बाजारात सोनीचे काही ब्लू-रे प्लेयर आणि प्लेस्टेशन ३ ची अगदी सुरुवातीची मॉडेल्स एसएसीडी वाचतात, नंतरची नाहीत. मॉडेल नंबर तपासूनच पैसे काढा. आणि तुमच्या आवडीचं संगीत एसएसीडीवर निघालेलंच नसेल, तर चांगला सीडी प्लेयर घ्या आणि उरलेले पैसे स्पीकरवर घाला.

बर्लिनर स्वतः तोवर दुसरीकडेच गेला होता. धाकटी मुलगी आजारी पडली, तेव्हा कच्च्या दुधातून रोग पसरतात हे त्याच्या मनाने घेतलं आणि दूध तापवून प्या म्हणून त्याने वर्षानुवर्षं मोहीम चालवली, मुलांसाठी आरोग्याची गाणीसुद्धा लिहिली. आईच्या नावाने संशोधक स्त्रियांसाठी फेलोशिप सुरू केली, तीही १९०८ मध्ये. हेलिकॉप्टरचे प्रयोग केले, ते पुढे मुलाने, हेन्रीने, नेले. म्हातारपणी सभागृहांत आवाज घुमू नये म्हणून भिंतींच्या फरश्या बनवत बसला.

३ ऑगस्ट १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तो वारला, वय ७८. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात एडिसनच्या कंपनीने नळकांडी आणि तबकड्या, दोन्ही काढणं बंद केलं.