डॉ. आनंदीबाई जोशी : नवरा, मावशी आणि एक पत्र



आनंदीबाई जोशी म्हटलं की पहिल्या महिला डॉक्टर, एवढं मुलं पाठ करतात. त्यांच्या जवळच्या नात्यांविषयी मात्र वर्गात फारसं बोललं जात नाही.

३१ मार्च १८६५ चा जन्म. माहेरचं नाव यमुना, घर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या विधुर गोपाळराव जोशींशी. वयानं ते वीसेक वर्षांनी मोठे. बायकोनं शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्यासाठी ते हातही उगारायचे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांतच गेला. त्यानंतर डॉक्टर व्हायचं पक्कं ठरलं.

दुसरं नातं पत्रातून जुळलं. अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं, आणि १८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. न बघितलेल्या बाईवर एवढा भरवसा! आपल्या आरमोरीतून मुलीला नागपूरला ठेवायचं तरी पालक दहा वेळा चौकशी करतात. (करावीच.) १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या, आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर मावशींच्याच घरी राहिल्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेलं पत्र. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या नि पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी, सगळं वयानुसार त्यात मांडलंय. ते वागणं चांगलं की वाईट हे सांगणं कठीण, असंही त्या लिहितात. शिक्षण मिळालं ते त्याच माणसामुळे, आणि लहान मनावर घाव झाला तोही त्याच्यामुळेच. गोपाळरावांवर माया होती, पण झालेलं त्या विसरल्या नव्हत्या. इतकं स्पष्ट लिहायला समुद्रापलीकडचं अंतर लागलं असावं. मारून शिकवलं म्हणून शिकली, असं कुणी या गोष्टीवरून म्हणू नये. मला ते पटत नाही.

पुढे गोपाळरावही अमेरिकेत पोचले. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली, पण क्षयानं गाठलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेला मावशींकडे पाठवली गेली. मावशींनी ती पोकीप्सी गावी आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवली.