विश्लेषण : बोट कापल्याने डॉ. बेथून यांचा जीव कसा गेला?

शस्त्रक्रियेत सुई टोचणे, बोट कापणे हा डॉक्टर-परिचारिकांचा रोजचा धोका. डॉ. नॉर्मन बेथून त्याचेच बळी. १८९० मध्ये कॅनडात जन्मलेल्या या शल्यचिकित्सकाने १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात फिरते रक्तपथक उभारून बाटलीतले रक्त थेट आघाडीवर पोहोचवले. १९३८ मध्ये ते चीनला गेले. जपानी सैन्याशी लढणाऱ्या जखमींवर खेड्यापाड्यांत, मिळेल त्या जागी शस्त्रक्रिया करू लागले.

ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस अशाच एका शस्त्रक्रियेत त्यांचे बोट कापले. हातात मोजे नव्हते. खरे तर तेव्हाच थांबायला हवे होते. पण जखमी येतच होते. कापलेल्या बोटानिशीच त्यांनी जंतुसंसर्ग झालेल्या एका सैनिकावर शस्त्रक्रिया केली. जंतू बोटातून रक्तात पसरले. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्येच लागला होता, मात्र औषध म्हणून ते अजून हाती आले नव्हते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी बेथून यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाने चीनमध्ये उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे पहिले संचालक होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.